'वर्ल्ड वॉर झेड': काही महिने उशाशी ठेवल्यावर

मॅक्स ब्रूक्सची ही कादंबरी (२००६) पहिल्यांदा वाचली ती 'पुढे काय होतं' या घाईत. तशी वाचली तर ती जरा निराशच करते. माणसं जिंकलीत हे सुरुवातीलाच कळतं. झोंबींशी, म्हणजे मरून पुन्हा उठलेल्या माणसांशी, चाललेलं युद्ध संपलंय आणि एक जण जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतोय. नायक नाही, सलग गोष्ट नाही. त्यानंतर मात्र गेले काही महिने मनाला येईल ते पान उघडतोय, आणि ती सुटत नाही.

झोंबी अगदी जुन्या वळणाचे: संथ, मठ्ठ, डोकं फुटेपर्यंत न थांबणारे. थंडीत गोठतात, ऊन पडलं की पुन्हा चालू. समुद्राच्या तळावरूनसुद्धा येतात. खरी भीती वाटते ती सरकारांची आणि धंदेवाल्यांची. 'फॅलँक्स' नावाच्या लसीचं प्रकरण बघा. सुरुवातीला लोक माणसाला झोंबी करणाऱ्या या रोगाला रेबीज समजतात, तर एक उद्योगपती रेबीजची लस विकायला काढतो. या रोगावर ती चालणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. पण लस रेबीजचीच आहे ना, मग खोटं काय बोललो? सरकारलाही लोक गप्प बसलेले हवेच असतात. कोरोनात आपल्याकडे काय काय खपलं ते आठवून हसावं की चिडावं कळत नाही.

न्यूयॉर्कजवळच्या योंकर्सला अमेरिकी सैन्य टीव्ही कॅमेऱ्यांसमोर सगळा लवाजमा मांडतं आणि सपाटून मार खातं. शस्त्रं शत्रूची गाळण उडवण्यासाठी बनवलेली, आणि हा शत्रू घाबरतच नाही!

आपल्याकडचं म्हणाल तर गुजरातचं अलंग आहे. भंगारात निघालेल्या जहाजांवर चढायला माणसं जिवाच्या आकांताने धडपडतात. ही जागा निवडणाऱ्याने अभ्यास केलाय. हिमालयातले जनरल राज-सिंग मात्र थेट हिंदी सिनेमातून आल्यासारखे.

खटकलं ते हे, की चिनी डॉक्टर असो, जपानी अंध माळी असो, सगळे एकाच माणसासारखे बोलतात. ऑडिओबुकमध्ये मार्क हॅमिल, अ‍ॅलन आल्डा अशा नटांचे वेगवेगळे आवाज असल्याने हे बरंच झाकलं जातं. फक्त पूर्ण आवृत्ती घ्या, २००७ची काटछाट केलेली आहे. ब्रॅड पिटचा २०१३चा चित्रपट पाहून पुस्तक टाळलं असेल तर तो विसरा. त्यात नावापलीकडे यातलं फारसं काही नाही.