यूएसबी पोर्ट शॉर्ट झाल्यावर चार पोर्टचं कार्ड: पैसे कधी वसूल होतात, कधी वाया जातात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रं, डीटीपीवाले, अडत्यांच्या पेढ्या इथं अजून डेस्कटॉपच चालतात. प्रिंटर, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, सगळं यूएसबीवर. एक पोर्ट शॉर्ट झाला की शेजारचेही बंद पडतात, कारण बऱ्याच बोर्डांवर दोन पोर्टना मिळून एकच फ्यूज असतो. मग दुरुस्तीला गेल्यावर दोनच उत्तरं मिळतात: मदरबोर्ड बदला, नाहीतर पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर जादा कार्ड बसवायची खाच) यूएसबीचं कार्ड टाका. हे परीक्षण त्या कार्डाचं आहे, विशेषतः रेनेसासच्या यूपीडी७२०२०१ चिपचं, साटा पॉवर (हार्डडिस्कला वीज देणारी वायर) घेणारं चार पोर्टचं यूएसबी ३.० कार्ड.

कार्ड चांगलं आहे. पण ते शॉर्ट काढत नाही, फक्त नवे पोर्ट देतं. शॉर्ट बोर्डवर तसाच राहिला तर कार्ड घालूनही मशीन बंद पडू शकतं. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी.

सुरुवात मेन्सचा प्लग काढण्यापासून. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन मशीन बंद असतानाही चालूच असते आणि अनेक बोर्डांवर पोर्टना तीच जोडलेली असते. प्लग काढा, सगळी यूएसबी उपकरणं काढा, पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा आणि मशीन अर्धा तास तसंच ठेवा. बोर्डवरचा पॉलीफ्यूज गरम झाला की प्रवाह अडवतो आणि सप्लाय तोडून थंड झाला की पुन्हा पूर्ववत होतो. ‘पोर्ट जळाला’ म्हणून आलेली काही मशीनं एवढ्यावरच चालू होतात. अशा वेळी कार्ड विकणारा गिऱ्हाइकाला फुकट खर्चात घालतो.

काही बोर्डांवर, विशेषतः असुसच्या, चालू करताच यूएसबीवर ओव्हर करंट असल्याचा संदेश येतो आणि १५ सेकंदांत मशीन बंद होतं. इथं घाबरून बोर्ड टाकायचा नाही. कॅबिनेट उघडून पुढच्या पोर्टची वायर बोर्डवरच्या नऊ पिनांच्या हेडरवरून उपसा. पुढच्या पोर्टनाच रोज पेनड्राइव्हचे धक्के बसतात, आतली प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि पट्ट्या बाहेरच्या पत्र्याला टेकतात. वायर काढल्यावर संदेश गेला तर दोष कॅबिनेटच्या छोट्या पट्टीत आहे, बोर्डात नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या ऑफिसांत आणखी एक गोष्ट बघा: लोखंडाची बारीक भुकटी पोर्टमध्ये जाऊन बसते. टॉर्च मारली की पट्ट्यांच्या मधे काळसर चमक दिसते. प्लग काढलेलाच ठेवून मऊ ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं साफ करा, पूर्ण सुकू द्या. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते.

यानंतर मल्टिमीटर. यासाठी जुन्या माऊसची वायर सोन्यासारखी आहे. माऊसच्या बाजूनं कापा, चार तारा सोलून वेगळ्या ठेवा: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. स्वस्त माऊसमध्ये रंग पाळलेले असतीलच असं नाही, म्हणून आधी मीटर बझरवर (तार जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवून प्लगच्या पट्ट्यांशी जुळवून घ्या. वायरीचा यूएसबी प्लग संशयाच्या पोर्टमध्ये घातला की पोर्टच्या चारही लाईनी टेबलावर हातात येतात.

मशीन बंद आणि मेन्सचा प्लग काढलेला असताना लाल-काळीमधला रेझिस्टन्स मोजा. शून्याच्या आसपास एक-दोन ओहमवर अडकून बसला तर ५ व्होल्टच्या लाईनवर शॉर्ट आहे. चांगल्या पोर्टवर आकडा कॅपॅसिटर भरत जातो तसा वर सरकतो. मग मीटर डायोड मोडवर ठेवा. लाल प्रोब काळ्या तारेला, काळा प्रोब आधी हिरव्या, मग पांढऱ्या तारेला. साधारण ०.४ ते ०.६ च्या दरम्यान आणि दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा यायला हवा. खात्रीसाठी त्याच मशीनच्या चांगल्या पोर्टशी ताडून पाहा. एकीकडे ०.५ आणि दुसरीकडे शून्य आलं तर पोर्टजवळचा सहा पायांचा संरक्षक डायोड किंवा खुद्द चिपसेट (पोर्ट चालवणारी बोर्डवरची मुख्य चिप) गेलेला असतो. डायोड बदलता येतो, तो चिप-लेव्हल कारागिराचा विषय. चिपसेट गेला असेल तर त्या पोर्टचा नाद सोडलेला बरा.

शेवटी मशीन चालू करून लाल-काळीवर व्होल्ट बघा. ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवेत. व्होल्ट बरोबर, डेटाच्या लाईनी बरोबर, तरी विंडोज ‘अननोन डिव्हाइस’ दाखवत असेल तर त्या पोर्टला कीबोर्ड लावून तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन) चालतो का पाहा. तिथं चालला तर पोर्ट शाबूत आहे, ड्रायव्हर बघा.

कार्डाची खरी जागा एकच: बोर्ड चालू होतो, ५ व्होल्टवर शॉर्ट नाही, पण काही पोर्टच्या डेटा लाईनी मेल्या आहेत. तिथं ते उत्तम काम करतं. एक्स१ म्हणजे सगळ्यात छोट्या स्लॉटमध्ये बसतं, मोठ्या स्लॉटमध्येही चालतं. विंडोज १० आणि ११ ला ड्रायव्हर लागत नाही, विंडोज ७ ला घालावा लागतो. पीसीआय-एक्सप्रेसच्या सेकंड जनरेशनच्या एका लेनवर ५०० एमबी प्रति सेकंदाची मर्यादा चारही पोर्टना मिळून आहे. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन यांना ती भरपूर झाली.

पॉवरचं गणित मात्र पाहून घ्या. यूएसबी ३.० चा एक पोर्ट ९०० मिलिअँपिअर देऊ शकतो, चार पोर्ट म्हणजे ३.६ अँपिअर, १८ वॉट. एक्स१ स्लॉटवर १२ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे ६ वॉट धरलेले असतात. म्हणून पॉवरचा वेगळा सॉकेट नसलेल्या स्वस्त कार्डावर माऊस-कीबोर्ड चालतात, पण बाहेरची हार्डडिस्क लावली की ती मधेच गायब होते आणि दोष हार्डडिस्कला दिला जातो. साटा पॉवरचं कार्डच घ्या आणि एसएमपीएसची मूळ साटा वायर लावा. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा करणारे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे कनेक्टर वापरू नका. ते आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात, आणि शॉर्टवरच्या उपायातून नवा शॉर्ट तयार होतो. घेताना प्रत्येक पोर्टमागे स्वतंत्र फ्यूज आहे का तेही बघा. सगळ्यांना एकच असेल तर पुन्हा तेच दुखणं.

उणीव सांगायची तर अनेक जुन्या बोर्डांवर कार्डाला लावलेला कीबोर्ड बायोसमध्ये चालत नाही. बोर्डवर एक तरी पोर्ट जिवंत नसेल तर गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड जवळ ठेवा. व्हीआयएच्या व्हीएल८०५ चिपची कार्डंही ठीक आहेत. चिपचं नावच न लिहिलेली कार्डं आम्ही सुचवत नाही.

कार्ड लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. बहुतेक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थ तुटलेला असेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं, हात लावला की झिणझिण्या येतात. अशा मशीनला दुसऱ्या, अर्थ असलेल्या सॉकेटवरचा प्रिंटर जोडताना ठिणगी पडते ती पोर्टमध्येच. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग बघायला सांगा. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि नेमका त्याच दिवसांत वळीव विजा घेऊन येतो. खड्ड्यात पाणी घालत जा. ढग गडगडायला लागले की मेन्सबरोबर लॅनची आणि केबलची वायरही काढा. एका इमारतीतून दुसरीकडं ओढलेल्या लॅनच्या वायरीतून येणाऱ्या झटक्यानं लॅन पोर्ट जातो आणि चिपसेटही जाऊ शकतो.

लॅपटॉपला हे कार्ड बसत नाही. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डवर असतात, चपट्या पट्टीनं जोडलेले. दुकानात देताना मॉडेल नंबर सांगून तो छोटा बोर्ड बदलून मिळतो का, हे पहिल्यांदा विचारा.