समुपदेशन, एए की रुग्णालयात भरती? पिणाऱ्या माणसाला एचआयव्हीपासून जपताना

कापसाचा चुकारा हातात पडला की बाजाराच्या गावी दोन पव्वे पोटात जातात, आणि मग खिशातला कंडोम खिशातच राहतो. एचआयव्हीचा धोका त्या रात्रीचा असतो. म्हणून दारू आणि तपासणी हे दोन विषय वेगळे धरू नका. प्रश्न एवढाच, की पिणाऱ्याला न्यायचं कुठं: समुपदेशनाला, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) बैठकीला, की रुग्णालयात भरतीला?

माझ्या मते आधी ग्रामीण रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. तपासणी फुकट, संमतीनेच, आणि २०१७ च्या कायद्याने गुप्त. लैंगिक संबंधांबद्दल मोकळेपणाने बोलायला माणूस मिळतो, कंडोमही मिळतात. दारूचा विषय मात्र तुम्हीच काढा, नाहीतर राहून जातो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चोरून पिणारा तिथं समुपदेशकाशी बोलायला हमखास कचरतो. त्याला आधीच सांगा, समुपदेशक पोलीस नव्हे.

एका बैठकीने भागत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या गटात धोकादायक पिणं सुटलेले पुरुष जास्त निघाले. अशा बोलण्यात 'सोड' हा हुकूम नसतो. कोणत्या वारी पितोस, कोणासोबत, पुढं काय घडतं, हे त्याच्याच तोंडून येतं. मग बाजाराला निघण्याआधी पैसे घरी ठेवायचे, जेवून निघायचं, अशा वाटा तोच शोधतो. बेवडा म्हणालात की तो उठून गेलाच समजा.

एए फुकट आहे, आयुष्यभर सोबत देतं. पण तिथं पूर्ण सोडायचीच तयारी लागते, आणि एचआयव्हीची तपासणी होत नाही. बैठक तालुक्याला असेल तर परतीची एसटी आधी बघा.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात? मग समुपदेशन नंतर, आधी डॉक्टर. अशा माणसाची दारू घरी एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. रुग्णालयात भरती करताना एचआयव्ही तपासणीचं स्वतः विचारा.

आणि कालच रात्री काही घडलं असेल तर यातलं काहीच निवडत बसू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस घ्यायची. त्या काळात प्याला तरी गोळी चुकवायची नाही.