ऑपेरातलं नवरा-बायकोचं भांडण: आधी कुठलं ऐकावं?

तिसऱ्या अंकात भाषांतराची पट्टी बंद पडली. मोठ्या पडद्यावर व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'चं रेकॉर्डिंग दाखवत होते. गाणं इटालियन, आणि आम्हाला इटालियनचं ओ की ठो कळत नव्हतं. थोडी कुजबुज झाली, कुणीतरी मशीनच्या खोलीकडे पळालं, पट्टी काही परत आली नाही. "आता काय डोंबल कळणार?" नवरा म्हणाला. पण कळत होतं. बाई हसऱ्या, लाडिक चालीत काहीतरी मागत होती आणि तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, दर वेळी जास्त धार लावून: फात्सोलेत्तो. रुमाल. तिला वाटत होतं, स्वारी थट्टा करतेय. खालचा ऑर्केस्ट्रा सांगत होता की ही थट्टा नाही.

तेव्हापासून "ऑपेरा ऐकायचाय, पण सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी सरळ भांडणाकडे बोट दाखवते. प्रेमगीतं आपल्याकडे रग्गड आहेत. नाट्यसंगीतात पद मात्र बहुतेक वेळा एकाचं असतं. एक गातो आणि दुसरा तोवर मुकाट ऐकून घेतो. कुठल्या घरात असं भांडण होतं? ऑपेरात दोघं एकदम गातात, दोघांचे शब्द वेगळे, आणि खालून वाद्यं त्या दोघांनाही न उमगलेलं काहीतरी सांगत असतात. ऐकणाऱ्याला तिघांचं एकाच वेळी कळतं. गद्य नाटकात दोन पात्रं एकदम बोलली तर नुसता गलका होतो.

निवड मी तिघांतच ठेवते: मोत्झार्टचा 'फिगारोचं लग्न' (1786), व्हेर्दीचा 'ओतेल्लो' (1887) आणि बार्तोकचा 'ब्लूबियर्डचा किल्ला' (1911 साली लिहिलेला, रंगमंचावर आला 1918 मध्ये). पहिल्यात मुरलेलं, आंबलेलं लग्न आहे. दुसऱ्यात नवंकोरं. तिसऱ्यात सासरची पहिली रात्र. वाग्नरच्या 'वाल्क्यूरं'मध्ये देवांचा राजा वोटान आणि त्याची बायको फ्रिका यांचं एक झकास भांडण आहे, ती मुद्देसूद बोलून त्याला अक्षरशः गप्प करते. पण तिथे पोचायला आधी अख्खा पहिला अंक पार करावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवात 'ओतेल्लो'पासून करा. जाणकार सहसा मोत्झार्ट सुचवतात. पण आपल्याला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची गोष्ट माहीत असते. देवलांनी त्यावरून 'झुंझारराव' केलं ते 1890 साली, म्हणजे मिलानच्या ला स्कालात व्हेर्दीचा पहिला प्रयोग झाल्यावर तीनच वर्षांनी. कथेमागे धावावं लागत नाही, त्यामुळे कान मोकळे राहतात.

वेळ अजिबात नसेल तर निदान तिसऱ्या अंकातला तो नवरा-बायकोचा प्रवेश ऐका. डेस्डेमोना येते आणि सुरेख, घरंदाज चालीत म्हणते, देव तुम्हाला सुखी ठेवो. तोही त्याच सुरात उत्तर देतो, तुमचा हस्तिदंती हात द्या. वरवर सगळं कसं छान. मग रुमालाचा विषय निघतो, ती कॅसिओची, नवऱ्याने पदावरून काढलेल्या अधिकाऱ्याची, रदबदली करत राहते, याचा पारा चढतो, तो तिच्यावर नको ते आरोप करतो, ती रडते. आणि मग शेवटी ती पहिली गोड चाल परत येते. तेच सूर, तीच अदब. पुन्हा तुमचा हात द्या, मला चूक सुधारायची आहे, तो म्हणतो. क्षणभर वाटतं, निवळला. त्याच अदबीतून तो पुढे म्हणतो की माफ करा, मला वाटलं होतं तुम्ही म्हणजे ओतेल्लोची बायको असलेली ती वेश्या. आणि ऑर्केस्ट्रा फुटतो.

ओरडून केलेला अपमान आपण पचवतो. गोड आवाजात, 'अहो-जाहो' करत केलेला अपमान पचत नाही, हे कुठल्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. व्हेर्दीने ते चालीतून दाखवलंय, तेही वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. ती गेल्यावर ओतेल्लो एकटा उरतो आणि त्याचं गाणंच संपतं. जवळजवळ एकाच सुरावर तो तुटक तुटक पुटपुटत राहतो. पहिल्या अंकात वादळातून उतरून आरोळी ठोकणारा हाच तो सेनापती.

पहिल्या अंकाच्या शेवटी या दोघांचं एक प्रेमगीत आहे. ते चार चेलोंनी हळुवार सुरू होतं आणि चुंबनाच्या एका सुरावटीपाशी पोचतं. ही सुरावट कानात साठवून ठेवा. चौथ्या अंकात तो तिला मारायला येतो तेव्हा आधी नुसते डबल बास वाजतात, अगदी खालच्या सुरात, चोरपावलांनी. आणि तिच्या उशाशी पोचल्यावर तीच चुंबनाची सुरावट. मरताना पुन्हा एकदा. शेवटचा 'चुंबन' हा शब्द त्याला पुरा करता येत नाही.

मग उणीव काय? हे भांडण खरं तर त्या दोघांचं नाही. ओतेल्लोच्या हाताखालच्या कपटी इयागोने लावलेली ती आग आहे. डेस्डेमोना भली, निष्पाप, आणि शेवटच्या अंकापर्यंत थोडी सपाटच. चौथ्या अंकात झोपायची तयारी करताना ती विलोच्या झाडाचं गाणं म्हणते आणि दासीला निरोप देताना एकदम किंचाळल्यासारखी हाक मारते, तेव्हा कुठे कळतं की हिला सगळं आधीच उमगलेलं होतं. एक धोक्याची सूचना: 1986 साली झेफिरेल्लीने केलेल्या सिनेमात नामवंत गायक दोमिंगो आहे, दृश्यं देखणी आहेत, पण विलोचं गाणंच कापलंय. तो नको. नुसतं ऐकायचं असेल तर ऑर्केस्ट्राचा संचालक तोस्कानिनी याचं 1947 चं रेकॉर्डिंग घ्या. जुनं आहे, आवाज कोरडा आहे. पण 1887 च्या पहिल्या प्रयोगात हा माणूस ऑर्केस्ट्रात बसून चेलो वाजवत होता.

'फिगारो'तला काउंट आणि त्याची बायको यांच्यामध्ये कुणी इयागो नाही. इथे नुसती वर्षं गेलीत. एके काळी त्याने तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं (ती आधीची गोष्ट रोसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी'मध्ये आहे; गंमत म्हणजे तो ऑपेरा तीस वर्षांनंतरचा, 1816 चा) आणि आता तो तिच्याच दासीच्या, फिगारोशी लग्न ठरलेल्या सुझानाच्या, मागे आहे. पहिल्या अंकभर घरात नुसता गोंधळ आणि काउंटेसचा पत्ता नाही. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा ती एकटी असते. क्लॅरिनेट, संथ लय, चारेक मिनिटांचं गाणं: माझा माणूस मला परत दे, नाहीतर मरू दे. नवऱ्याला दोष दिलेला नाही, तक्रारसुद्धा नाही. ज्या बाईची घरात कुणी विचारपूस करत नाही तिची ओळख करून देण्याची ही रीत मला अजूनही थक्क करते.

पुढे पंधरा-वीस मिनिटांत काउंट तिच्या खोलीचं दार ठोठावतो. आतल्या लहान खोलीत पोरसवदा केरुबिनो लपलेला. नवऱ्याला संशय येतो, दार उघड म्हणतो, ती नाही म्हणते. इथे दोघं एकमेकांना एकच वाक्य ऐकवतात: जरा भान ठेवा, बोभाटा नको. आपल्याकडचं 'हळू बोला, शेजारी ऐकतील' ते हेच. दोघांची चाल एकमेकांत अडकलेली, दात-ओठ आवळलेले, आणि कोपऱ्यात लपलेली सुझाना तिसरा सूर लावते. मग तो दार फोडायला हत्यारं आणायला जातो, जाताना बायकोलाही बरोबर नेतो. तेवढ्यात केरुबिनो खिडकीतून उडी मारतो आणि त्याच्या जागी सुझाना जाऊन बसते. बिचाऱ्या काउंटेसला हे ठाऊक नाही. परत आल्यावर ती कबूल करून बसते की आत केरुबिनो आहे. काउंट तलवार उपसतो, दार उघडतं आणि शांतपणे दासी बाहेर येते. संगीतसुद्धा एकदम शहाण्यासारखं, ठुमकत चालायला लागतं. नवरा-बायको दोघंही थक्क, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि मोत्झार्ट दोघांची फजिती एकाच वेळी ऐकवतो.

मग काउंट माफी मागतो आणि तिला लग्नाआधीच्या नावाने हाक मारतो, रोझिना. ती म्हणते, निर्दया, ती मी आता नाही. ही ओळ इतकी पटकन जाते की पहिल्यांदा ऐकताना निसटते. मला ती तिसऱ्यांदा सापडली.

काउंट तलवार उपसतो तिथपासूनचं सगळं त्या अंकाच्या शेवटच्या भागात आहे. तो भाग वीस मिनिटं न थांबता चालतो, दोन गाणाऱ्यांपासून सुरू होऊन सातांवर जातो. अडचण कथेची आहे. कोण कुणाच्या कपड्यात, कुठली चिठ्ठी कुणाची, हे चौथ्या अंकापर्यंत इतकं वाढतं की हातात कथासार हवंच. 'संशयकल्लोळ' पाहून ज्यांना मजा आली त्यांना हे जड जाणार नाही. बाकीच्यांनी आधी बघावा, मग नुसता ऐकावा. पोनेलने 1976 साली केलेला सिनेमा यासाठी उत्तम आहे: काउंट फिशर-डिस्काऊ, काउंटेस किरी ते कानावा. त्यात काही गाण्यांच्या वेळी पात्रांचे ओठ हलतच नाहीत. गाणं म्हणजे मनातलं बोलणं, इतका साधा विचार, पण कितीतरी दिग्दर्शकांना तो सुचत नाही.

बार्तोकचं तिसरंच. एक तास, एक अंक, गाणारी दोनच माणसं. युदित माहेर सोडून ब्लूबियर्डच्या अंधाऱ्या किल्ल्यात येते. सात बंद दारं. सगळी उघड, ती म्हणते, मी उजेड आणेन. तो म्हणतो, माझ्यावर प्रेम कर, विचारू नकोस. छळघर, शस्त्रं, खजिना, बाग, राज्य, अश्रूंचं सरोवर. आणि सातव्या दारामागे आधीच्या बायका. घरोघरचं आहे हे. एकाला काही सांगायचं नसतं, दुसऱ्याला कपाटाचा प्रत्येक खण उघडून बघायचा असतो, आणि दोघांनाही वाटतं की आपलंच प्रेम खरं.

घरी पेटी असेल तर सा आणि कोमल रे एकदम दाबून बघा. तो बोचरा आवाज म्हणजे या ऑपेरातलं रक्त. दागिन्यांवर रक्त दिसतं, फुलांच्या मुळाशी दिसतं, तेव्हा तेव्हा सुंदर सुरावटीत ही शेजारच्या सुरांची घासाघीस शिरते. पाचवं दार उघडतं तेव्हा पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि वर ऑर्गन, लखलखीत उजेडासारखा. ब्लूबियर्ड छाती फुगवून आपलं राज्य दाखवतोय. युदित काय म्हणते? साथीशिवाय, कोरड्या आवाजात: सुंदर आणि मोठं आहे तुझं राज्य. नवऱ्याने आयुष्यभराची कमाई समोर मांडावी आणि बायकोने "हं, छान आहे" म्हणावं, तसं. इथून पुढे ते दोघं एकमेकांचे राहत नाहीत.

चाल म्हणावी अशी गाणी यात नाहीत. हंगेरियन लोकगीतांसारख्या आठ-आठ अक्षरांच्या ओळी आहेत, बोलल्यासारख्या गायलेल्या. अष्टाक्षरीची सवय असलेल्या कानाला तो ठेका लगेच सापडतो. यात मंचावर घडत काहीच नाही, म्हणून दिवे मालवून हेडफोनवर ऐकलेला सगळ्यात चांगला. संचालक केर्तेसने 1965 साली केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये क्रिस्टा लुडविग आणि वाल्टर बेरी गातात. तेव्हा ते खरोखरचे नवरा-बायको होते. पाच वर्षांनी विभक्त झाले. बार्तोकने हा ऑपेरा स्वतःच्या बायकोला, मार्ताला, अर्पण केला होता, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. तिने काय समजायचं?

तेव्हा नाटकाची आवड असेल आणि एकच संध्याकाळ मोकळी असेल तर 'ओतेल्लो', सव्वादोन-अडीच तास. एकटे असाल, मन जरा खिन्न असेल आणि हातात तासभरच असेल तर बार्तोक. 'फिगारो'ला तीन तासांहून जास्त लागतात आणि तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, पण मला एकच ठेवायचा झाला तर मी तोच ठेवीन. का, ते शेवटी कळतं. बागेत, अंधारात, सगळे काउंटपुढे गुडघे टेकून क्षमा मागताहेत आणि तो नाही, नाही म्हणत सुटलाय. तेवढ्यात खरी काउंटेस समोर येते, दासी समजून त्याने अंधारात जिला गाठलं होतं ती तीच. आता गुडघे टेकायची पाळी त्याची. वाद्यं एकदम हळू होतात. ती म्हणते, मी तुमच्यापेक्षा मऊ आहे, मी हो म्हणते. इतकी शांत क्षमा मी दुसरीकडे ऐकलेली नाही. उद्या सकाळी तो पुन्हा तेच करणार असं मला दर वेळी वाटतं. नवऱ्याला तसं वाटत नाही.

जोडीने बसून ऐकायचं असेल तर यातलं काहीच नको. बर्नस्टाइनचा 'ट्रबल इन ताहिती' लावा, 1952 चा, पाऊण तासाचा, इंग्रजी. त्याने तो मधुचंद्रात लिहायला घेतला होता. एका अमेरिकन उपनगरातले सॅम आणि डायना नाश्त्यापासून भांडताहेत आणि तीन गाणारे जाहिरातीतल्यासारख्या झुलत्या जॅझमध्ये त्यांच्या टुमदार घराचं कौतुक गाताहेत. दुपारी दोघं रस्त्यात अचानक समोरासमोर येतात आणि जेवायला दुसरीकडे जायचंय अशी थाप मारून एकमेकांना टाळतात. रात्री बोलायचं ठरतं, बोलता येत नाही. मग सॅम म्हणतो, चल, सिनेमाला जाऊ, ताहितीवरचा एक नवा लागलाय. तो ती दुपारीच बघून आलेली असते, आणि तिला तो भंकस वाटलेला असतो. ती हो म्हणते.