नसांचा एमआरआय: नाशिकमधल्या एका केंद्राबद्दल
मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे, आणि बारीक नसांसाठी तेच हवं. मनगटाला वेगळी कॉइल (सिग्नल टिपणारं वेटोळं) लावतात, काप २ ते ३ मिलिमीटरचे घेतात, चरबीचा सिग्नल दाबतात. म्हणून कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्याच्या, तोंडाशी सुजलेली मीडियन नस (त्या बोगद्यातून हातात जाणारी) शेजारच्या स्नायूंपेक्षा पांढरी उठून दिसते. चित्रं खरंच सुरेख. खटकतं ते हात ठेवण्याचं. नस चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांत आली की निरोगी असूनही उजळ दिसू शकते. इथे हात तिरका राहतो आणि रिपोर्टात त्याचा उल्लेखही नसतो. पाऊण तास बोटही हलवायचं नाही. पेसमेकर असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. नर्व्ह कंडक्शनचा (नसेतून विजेचा संदेश कसा जातो त्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्याच, कारण नस किती काम करते ते एमआरआयमध्ये कळत नाही. द्वारका सर्कलची कोंडी धरून निघा.