गुलमर्ग की औली? नाशिकच्या ग्रुपसाठी स्की कोर्स

आमच्या ग्रुपमधले सगळे अंजनेरी, हरिहर चढणारे. बर्फ मात्र बहुतेकांना नवा. अशा ग्रुपने गुलमर्गलाच जावं, असं माझं ठाम मत आहे.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. गावालगतचे उतार इतके सौम्य, की पहिले दोन दिवस तिथेच जावेत: स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. वेग आवरायची पहिली युक्ती हीच. हे जमलं की मगच वर. गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत जातो, पण वरचा उतार नवख्यांचा नाही. हिमस्खलनाचा धोकाही असतो. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांनी मनगटाचे गार्ड न्यावेतच, सुरुवातीला माणूस हातांवरच पडतो.

उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स असतात, आणि समोर नंदादेवी शिखर! त्या दर्शनासाठी तरी एकदा जावंच. पण बर्फाचा भरवसा कमी, आणि ऋषिकेशहून औलीखालच्या जोशीमठपर्यंत दिवसभराचा घाटरस्ता. नाशिकरोडहून दिल्ली गाठून पुढे एवढं हिंडल्यावर पहिला दिवस थकव्यातच जातो. श्रीनगरला विमानाने उतरलं की गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर.

जायचं तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तोवर पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढा-उतरा. मांड्यांना उतरण्याचीच सवय हवी.