बंड्याचं मुसकं : दोन महिने वापरल्यावर

कोळपणीला जुंपलेल्या बैलांच्या तोंडाला मुसकं बांधलेलं लहानपणी पाहिलं होतं. कुत्र्यासाठी घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आमचा बंड्या गावठी, चार वर्षांचा, बावीस किलोचा. बिनधास्त घरात येणाऱ्यापुढे लोळण घेतो. दचकून भिंतीला चिकटणाऱ्यावर मात्र धावून जातो. मे महिन्यात लिफ्टमध्ये एका मुलाने घाबरून दप्तर छातीशी धरलं आणि याने दप्तराचा पट्टा पकडला. मुलाला खरचटलंही नाही, पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते.

आधी जवळच्या दुकानातून कापडी मुसकं आणलं. पैसे पाण्यात. तोंड गच्च बंद. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून, आणि यात धाप टाकायलाच जागा नाही. दुकानदार म्हणे, ‘‘सवय होईल.’’ उन्हाळ्यात कसली सवय!

मग जाळीचं रबरी मागवलं, साडेनऊशेला. शिंप्याच्या टेपने नाकाची लांबी आणि जबड्याचा घेर मोजून. आत जीभ बाहेर काढता येते, पाणी पिता येतं, चिकनचा तुकडाही जातो. पहिले दहा दिवस बांधलंच नाही. आत दही फासून नुसतं पुढे धरायचे. अकराव्या दिवशी हा स्वतःच तोंड घालून उभा!

खरा फरक पडला तो माझ्यात. पूर्वी समोर कोणी बुजरं दिसलं की मी पट्टा आखडायचे, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे बंड्याला मीच कळवायचे. आता हात सैल असतो. घाबरलेला माणूस ताठ होतो, टक लावून बघतो, हात वर घेतो आणि एकदम मागे सरतो. टक लावणं कुत्र्याला धमकी वाटते. त्यात आपण भुंकल्यावर समोरचा मागे हटला की त्याला वाटतं, जमलं! म्हणून आम्ही पार्किंगच्या या टोकाला, त्या टोकाला माणूस. दिसला की भुंकायच्या आधी चिकन. भुंकलाच, तर अंतर कमी पडलं, चूक माझी. गुरगुरला तर रागवत नाही. गुरगुरणं दाबलं, तर उद्या न सांगता चावेल.

तक्रारी आहेतच. कानामागचा पट्टा आठवड्यात ढिला पडतो, नाकावर घासून केस गेले (आता तिथे फलालीनची चिंधी शिवली आहे), आणि दह्याचा आंबूस वास धुऊनही जात नाही. शिवाय यात दात लागत नाहीत, पण बावीस किलोंचा धक्का लागतोच.

कामाला येणाऱ्या मावशींना मी शहाणपणा शिकवायला गेले, ‘‘त्याच्या डोळ्यांत बघू नका, हात खाली ठेवा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ताई, बघू नको तर ते कुठून येतंय ते कळायचं कसं?’’ बरोबरच होतं. आता त्या असेपर्यंत बंड्या बेडरूममध्ये, दार बंद. मुसकं घालूनही बाहेर नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बकलाचा कापला, एक त्या वासाचा.