जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? सर्व्हर अपग्रेडमधला एका अक्षराचा निर्णय

अपग्रेड चालू असतं, पडद्यावर ओळी सरकत असतात आणि मध्येच डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली थांबून विचारते: ही कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजमध्येही नवी आली आहे, कोणती ठेवू? वाय (नवी घे), एन (जुनी ठेव), डी (फरक दाखव) की झेड (कमांड लाइनवर जाऊन बघतो)? बहुतेक जण एंटर दाबून मोकळे होतात. एंटर म्हणजे ‘एन’, जुनीच राहू दे. फाइल तुम्हीही बदलली असेल आणि पॅकेजवाल्यांनीही, तरच हा प्रश्न येतो. त्यामुळे तो आला की निदान ‘डी’ दाबून फरक तरी बघावा.

जुनी ठेवण्यात सोय उघड आहे. पोर्ट, पाथ, लॉगिनचे नियम सगळं कालच्यासारखं राहतं. एकाच रिलीजमधले सुरक्षा अपडेट असतील तर मी हेच करतो, फार विचार न करता. मोठी आवृत्ती ओलांडताना मात्र ‘जुनं ते सोनं’ चालत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.७ वरून ८.० वर जाताना क्वेरी कॅशच, म्हणजे आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवून ठेवायची सोय, काढून टाकली गेली. जुन्या फाइलमध्ये ‘क्वेरी_कॅश_साइझ’ची ओळ राहिली असेल तर सर्व्हर ती ओळखत नाही आणि सुरूच होत नाही. हा त्रास तसा बरा, कारण तो लगेच कळतो. न कळणारा जास्त वाईट: नव्या फाइलमध्ये एखादं सेटिंग अधिक कडक केलेलं असतं, ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ती नवी फाइल शेजारीच ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपूट लावून पडून असते आणि वर्षभर तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

नवी घेतली तर उलटा प्रकार, नवी विटी नवं राज्य. जुनी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ नावाने जपली जाते, म्हणजे हरवत काही नाही. पण सेवा पुन्हा सुरू होते ती नव्या फाइलवर. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएच सेवेचं उदाहरण घ्या. तुम्ही पोर्ट २२ बदलून २२२२ केलेलं आहे आणि फायरवॉलमध्येही तेवढंच उघडं आहे. नवी फाइल आली, सेवा २२ वर गेली, की पुढच्या लॉगिनला दार बंद. चालू सेशन टिकतं, म्हणून ते बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून एकदा आत शिरून बघायचं. ही सवय मला एका रात्रीच्या जागरणाने लागली.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरेंवर, हा संवादच नाही. पॅकेज बांधणाऱ्याने फाइलवर ‘नोरिप्लेस’ लिहिलं असेल तर तुमची राहते आणि नवी ‘.आरपीएमन्यू’ म्हणून येते. नसेल तर नवी बसते आणि तुमची ‘.आरपीएमसेव्ह’ होते. रात्री दोन वाजता कोणी प्रश्न विचारत नाही हे सुख, पण निर्णय झाल्याची एक इशाऱ्याची ओळ इतर ओळींत सरकून जाते आणि सहज नजरेतून सुटते.

तिसरी वाट या दोन्हींपेक्षा मला पटते: मूळ फाइलला हातच लावायचा नाही. आपले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, ‘.डी’ने संपणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. मग मूळ फाइल निमूटपणे बदलते, प्रश्न येत नाही आणि आपले पाच-सात फेरफार एका नजरेत दिसतात. ओपनएसएसएचला (एसएसएच सेवेच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरला) ही सोय ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ तेच करतं.

फक्त एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर कोण जिंकतं हे प्रत्येकाचं वेगळं. मायएसक्यूएलमध्ये शेवटी वाचलेली किंमत लागू होते, एसएसएचमध्ये आधी वाचलेली. फोल्डरमधल्या फाइली नावापुढच्या क्रमांकाने वाचल्या जातात. क्लाउडवरच्या मशीनवर क्लाउड-इनिटची (मशीनची पहिली मांडणी करणाऱ्या साधनाची) ५० क्रमांकाची फाइल पासवर्ड लॉगिन चालू करून बसली असेल, तर तुमची ९९ क्रमांकाची फाइल कितीही ठणकावून सांगो, उपयोग नाही. तुमच्या फाइलला १० क्रमांक द्यावा लागतो. ‘एसएसएचडी -टी’ मोठ्या टीने चालवलं की प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापून येतं. सिस्टिमडीत ‘एक्झेकस्टार्ट’ (सेवा सुरू करायची कमांड) बदलायचं तर आधी ते रिकामं लिहावं लागतं, ही आणखी एक गंमत. आणि काढून टाकलेला पर्याय छोट्या फाइलमध्ये असला तरी सर्व्हर पाडतोच. ती क्वेरी कॅशची ओळ कुठेही ठेवा, ८.० तिला ओळखणार नाही.

कधीकधी तिन्ही वाटा खुंटतात. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट या मेल सर्व्हरचं २.४ आलं आणि २.३ ची कॉन्फिग त्याला चालत नाही. इथे जुनी ठेवली तर मेल बंद, नवी घेतली तर तुमची मांडणी गायब. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर २.४ बसवून फाइल नव्याने लिहायची, ‘डव्हकॉन्फ -एन’ने तपासायची आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावायचा. मोठ्या उडीत इतर सेवांनाही मी जवळपास हेच लावतो: नवी फाइल पाया, त्यावर आपले बदल एकेक करून.

अनेक मशीनची मांडणी एका जागेवरून करणारं अन्सिबल वापरत असाल तर प्रश्नाला ‘एन’ म्हणून नंतर प्लेबुक (त्याची कामांची यादी) चालवा. पण त्यातलं कॉन्फिगचं टेम्पलेट जुन्या आवृत्तीवर बेतलेलं असेल तर तोच शिळेपणा तुम्ही आता पन्नास मशीनवर पोचवाल.

काहीही निवडा, ‘ईटीसीकीपर’ आधी बसवा. तो ‘/ईटीसी’ या कॉन्फिग फाइलींच्या फोल्डरची गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, नोंद ठेवतो आणि ॲप्ट (पॅकेज बसवणारी कमांड) चालण्याआधी व नंतर ती नोंद आपोआप करतो. मोठं अपग्रेड टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (जोडणी तुटली तरी सेशन सर्व्हरवर चालू ठेवणाऱ्या साधनांत) चालवा, म्हणजे नेमक्या प्रश्नाच्या वेळी नेट गेलं तरी काम अर्धवट लटकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना ‘/ईटीसी’मध्ये डीपीकेजी, यूसीएफ (डेबियनचं कॉन्फिग सांभाळणारं आणखी एक साधन) किंवा आरपीएमन्यू शेपटाच्या फाइली शोधा. प्रत्येकीचा फरक बघा, हवं ते उचला, मग ती पुसून टाका.